खांडेभराड सरांची चिठ्ठी

माणसानं निदान चहा तरी बसून प्यावा. खांडेभराड सर तोही उभ्यानं प्यायचे, आणि उभ्यानं म्हणजे एका जागी उभं राहून नव्हे. बशी माझ्या टेबलावर, कप त्यांच्या हातात, एक घोट माझ्यापाशी, दुसरा फीच्या खिडकीपाशी, तिसरा व्हरांड्यात. कप शेवटी कुठं सापडेल याचा काही नेम नसायचा. एकदा तर तो व्हॉलीबॉलच्या खांबाच्या बुडाशी सापडला, मुंग्या लागलेला. मी तोंडावर बोललो तर त्यांनी नुसती मान हलवली आणि बोलता बोलता निघूनही गेले. नाव तरी बघा. खांडेभराड. हाक मारायला घ्यावी तर आपलं 'भराड' तोंडातून निघेपर्यंत हा माणूस गेटाबाहेर.

जालना जिल्हा झाला त्याच साली मी कॉलेजच्या ऑफिसात चिकटलो आणि तिथूनच रिटायर झालो. आमच्याकडं कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, तसं मलाही सगळे भाऊसाहेबच म्हणायचे. परीक्षेची कामं माझ्याकडं, आवक-जावक रजिस्टर माझ्याकडं. ज्या कागदावर आवक नंबर नाही तो कागदच नाही, असं मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचो. ह्याचा मला माज होता म्हणा, मी नाही म्हणणार नाही.

सर माझ्यानंतर दोन-तीन वर्षांनी आले. वाटूरकडचे, शेतकऱ्याच्या घरचे, कबड्डी खेळून खेळून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले. कॉलेजचे खेळाचे सर. काटक अंग, उन्हानं रापलेला चेहरा, गळ्यात शिट्टी, खिशात स्टॉपवॉच, पायात कॅनव्हासचे बूट. मैदानावर रेषा मारायच्या चुन्यानं बोटं कायम पांढरी. त्यांनी हात लावलेल्या प्रत्येक कागदावर एक पांढरा अंगठा उठायचा. माझ्या स्वच्छ रजिस्टरातली ती पांढरी बोटं पाहून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

अपंग पोरं त्यांच्याकडं आली ती सूट मागायला. तेव्हा अपंगच म्हणत, आता शब्द बदललाय. पहिल्या वर्षाला खेळाचा तास सक्तीचा होता. ज्याला जमत नाही त्यानं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं, खेळाच्या सरांची सही घ्यायची आणि सुटायचं. आधीचे सर न बघता सही ठोकायचे. पोरगं खूश, सर खूश, माझी फाईल पुरी. खांडेभराड सर आले आणि भानगड सुरू झाली. पोलिओनं पाय गेलेला एक पोरगा अर्ज घेऊन आला, यांनी सही केली आणि विचारलं, त्या तासाला तू काय करणार. पोरगा म्हणाला, बसून राहीन. आता 'बसून राहीन' हे ज्या माणसाला सांगायचं नाही नेमक्या त्यालाच सांगितलं बिचाऱ्यानं. सर म्हणाले, त्या तासाला मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाखाली ये. दुसऱ्या वर्षी लिंबाखाली सात-आठ जण जमायला लागले. कुणाचा पाय, कुणाची नजर, एका मुलीला ऐकू कमी, एकाचा हात मळणीयंत्रात गेलेला.

नव्या पोराला त्यांचा एकच प्रश्न असायचा, काय येतं? पोरांना सवय वेगळ्या प्रश्नाची. ती आपली सांगायला लागत, लहानपणी ताप आल्ता, सुई दिली, मग असं झालं. सर हात वर करायचे. म्हणायचे, काय झालं ते डॉक्टरला सांग, मला काय येतं ते सांग. बहुतेक पोरं गप्पच व्हायची, कारण हे त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसायचं. हात गेलेला तो पोरगा बराच वेळ विचार करून म्हणाला, उर्दू वाचता येतं. त्याचा आजा निजामाच्या राज्यात पटवारी होता, त्यानं मांडीवर बसवून शिकवलेलं. मी ऑफिसातून ऐकत होतो, मला हसूच आलं. उर्दू वाचून जालन्यात काय दिवे लावणार? सर मात्र त्याला सायकलवर पुढं बसवून तहसीलला घेऊन गेले. तिथं जुन्या जमिनींचे सगळे कागद उर्दूत, आणि ते वाचणारी म्हातारी माणसं एकेक करून संपलेली. आज त्या पोरासमोर तहसीलच्या आवारात माणसं रांग लावतात. माझ्या मेव्हण्याच्या शेताचा जुना कागदही त्यानंच वाचून दिला, आणि मी निमूटपणे बाकावर बसून वाट पाहिली.

एका शनिवारी कॉलेजात आलो तर व्हरांड्यातल्या प्रत्येक पायरीच्या कडेला चुन्याची जाड रेघ. प्राचार्य भडकले, बाहेरून पाहुणे येणार होते. सरांना बोलावलं. ते आले, उभ्या उभ्या सांगितलं की तीन पोरांना अंधुक दिसतं, त्यांना पायरी कुठं संपते ते कळत न्हाई, रेघ मारली की कळतं. पाहुणे गेल्यावर पुसतो म्हणाले. पाहुणे गेले, रेघा राहिल्या. दर महिन्याला नव्या होत राहिल्या. आणि गॅदरिंगचं तर विचारूच नका. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते अपंग विद्यार्थ्यांना घोंगड्या द्यायचं ठरलं. पाहुण्यांनी भाषण सुरू केलं, गळा दाटून आला, ही दुर्दैवी लेकरं म्हणाले, देवाची लेकरं म्हणाले, आणि संपवायचं नावच घेईनात. सर मंडपाच्या कडेला येरझाऱ्या घालत होते. आणि मध्येच त्यांनी शिट्टी फुंकली. खरी, लांब, खेळ संपल्याची शिट्टी. पाहुणे थांबले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्राचार्यांचा चेहरा पडला. सर नंतर म्हणाले, सवयीनं वाजली. मी आजवर त्यावर विश्वास ठेवलेला नाही.

सिंधू त्या लिंबाखालच्या पोरांतली. भोकरदनची. तिसऱ्या वर्षी गोवर निघाला आणि दोन्ही डोळे गेले. बाप शेतकरी, घरचं बरं, माणूस भला. दहावीपर्यंत अंधशाळेत शिकली, मग जालन्यातच मस्तगडला मावशीकडं राहून आमच्या कॉलेजात आली. पहिले काही दिवस मावशी हात धरून सोडायला यायची. सरांनी तीन रविवार तिला मस्तगड ते कॉलेज चालवलं, वळणं पाठ करून घेतली, आणि चौथ्या सोमवारी मावशीला सांगितलं, आता तुम्ही घरी ऱ्हा. मावशी आठवडाभर शंभर पावलं मागं राहून चोरून येत होती. सिंधूला ते माहीत होतं. चौकात आली की ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, मावशी, रिक्षा बघून. पोरगी तशीच होती, तिखट. सरांचीही खेचायची. म्हणायची, सर, तुम्ही थांबले की मला भेव वाटतं, काय झालं म्हणून.

काय येतं, ह्यावर ती म्हणाली होती, पाठ होतं, नंबर सांगा, विसरत न्हाई. सरांनी माझ्याकडून हजेरीपट मागवला, पन्नास पोरांची नावं आणि रोल नंबर एकदा वाचून दाखवले, आणि स्टॉपवॉच दाबलं. तिनं उलट्या क्रमानं सांगितले. त्या दिवसापासून सरांच्या डोक्यात टेलिफोन ऑपरेटर बसला. तेव्हा सरकारी ऑफिसांत अंधांसाठी त्या जागा राखीव असायच्या. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना जालन्याच्याच एका कचेरीची जाहिरात आली. पदवीची अट होती. मुलाखतीच्या दिवशी गुणपत्रिका समोर ठेवायची होती. आणि मुलाखत निकालाच्या पुढच्याच आठवड्यात येणार होती.

आणखी एक गोष्ट तिनंच मला ऑफिसात येऊन सांगितली होती. भोकरदनला तिच्यासाठी एक स्थळ चालून आलेलं. चाळिशीचा बिजवर, पदरात दोन पोरं. बापानं सांगितलं होतं, नोकरी लागली तर बोलत न्हाई, न्हाई लागली तर हे करू. सिंधू माझ्या टेबलाच्या कडेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊसाहेब, निकाल येळेवर लागला तर मी फोनवर बसनार. न्हाई लागला तर त्या माणसाच्या घरात." आणि हसली. मी म्हणालो, लागेल गं, आमचा निकाल कधी राहतो?

अंध विद्यार्थ्याला पेपर लिहायला लेखनिक मिळतो, पोरं त्याला रायटर म्हणतात. तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला पाहिजे, हा नियम. ऐनवेळी कुणीतरी अकरावीचं पोरगं पकडून बसवायचं, अशी आमच्याकडं रीत. अंध पोरगं सांगतंय एक, रायटर लिहितोय भलतंच, अर्धा पेपर राहून जातो. सरांना हे पटेना. त्यांनी अकरावीतली मंगल नावाची एक मुलगी निवडली, अक्षर टपोरं आणि हात चालता, आणि दोघींना सहा महिने लिंबाखाली तयार केलं. रिलेच्या शर्यतीत दांडका हातातून हातात जातो, तसं वाक्य हिच्या तोंडातून तिच्या हातात गेलं पाहिजे, असं ते म्हणायचे. दर रविवारी तीन तासांचा पेपर, स्टॉपवॉच लावून. त्यात त्यांच्या लक्षात आलं की पूर्णविराम, नवा परिच्छेद, हे खोड, ते खोड, हे बोलण्यातच किती वेळ जातो. मग त्यांनी टिचक्या काढल्या. सिंधूनं टेबलावर एक टिचकी मारली की वाक्य संपलं. दोन मारल्या की नवा परिच्छेद. तळहात आपटला की थांब, खोड. काय झपाट्यानं चालायचं ते. मी एकदा खिडकीतून पाहिलं. मला खेळ बघितल्यासारखी मजा वाटली, हे कबूल करतो.

परीक्षेच्या महिनाभर आधी सर माझ्या टेबलाशी आले. कबड्डीच्या कुठल्याशा स्पर्धेच्या प्रवेशिकेच्या पाठीमागं त्यांनी पेन्सिलीनं लिहून आणलं होतं की सिंधू रायटरला टिचकीनं खूण करील, एका टिचकीचा अर्थ असा, दोनचा असा, विद्यापीठास कळवावे. तारीख नाही, समास नाही, 'मा. प्राचार्य' नाही. पांढरा अंगठा मात्र होता. मी म्हणालो, सर, ह्याला अर्ज म्हणत नाहीत, साध्या कागदावर नीट लिहून द्या. ते म्हणाले, तुम्ही करून घ्या ना भाऊसाहेब, मी संघ घेऊन परभणीला चाललो, जल्दी हाय. आणि गेले.

दोन मिनिटांचं काम होतं. चार ओळींचं पत्र, सही घ्यायची, नंबर टाकायचा, टपालात द्यायचं. पण मला राग आला. हा माणूस उभ्या उभ्या येणार, चिटोरा फेकणार, आणि मी काय त्याचा नोकर आहे का? मी चिठ्ठी टेबलावरच्या रबरी चादरीखाली सरकवली. परत आले की सांगू, म्हटलं. ते परत आले ते काम झालं असं धरूनच. मला त्यानंतर दोनदा आठवण झाली. एकदा जेवायची सुट्टी झाली होती. दुसऱ्यांदा वाटलं, टिचक्यांसाठी कुठं विद्यापीठाला कळवायचं? हे मी आज सांगतोय. इतकी वर्षं मी 'विसरलो' असंच स्वतःला सांगत आलो.

शेवटून दुसऱ्या पेपरला भरारी पथक आलं. सिंधू आणि मंगलला कोपऱ्यातली वेगळी खोली दिलेली होती. पथकातले साहेब दाराबाहेर थांबले आणि कान देऊन ऐकायला लागले. आत मुलगी बोलतेय, मध्येच टक, मध्येच टक-टक, आणि दुसरी लगेच खालच्या ओळीवर जाते. त्यांनी दार लोटलं आणि उत्तरपत्रिका हातात घेतली. त्यांचं म्हणणं, ही खुणेची भाषा आहे, रायटर हिला उत्तरं पुरवतेय. मंगल रडायला लागली. सिंधू म्हणाली, साहेब, अजून दोन प्रश्न ऱ्हायलेत, ते लिहू द्या, मंग काय ते विचारा. कुणी ऐकलं नाही.

प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. सर धावत आले. साहेबांनी विचारलं, ह्या पद्धतीची परवानगी कुठंय? सर म्हणाले, महिन्यापूर्वी ऑफिसात लेखी दिलंय. प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टर घेऊन गेलो होतो. ते उघडलं, पानं उलटली, बोट फिरवलं. बोट फिरवायची काही गरज नव्हती.

"असा कागद आवक झालेला नाही," मी म्हणालो.

खोटं नव्हतंच ते. रजिस्टरात नव्हता तो कागद. सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या माणसाची नजर कधी एका जागी ठरायची नाही, ती तेव्हा ठरली. मला वाटलं, आता हा माझ्या टेबलाकडं धावणार. ते धावले नाहीत.

"मंग माझ्याकडूनच ऱ्हायलं असंल," ते म्हणाले.

सिंधू, बोलावून आणलेल्या मावशीच्या शेजारी उभी होती.  साहेबांनी गैरप्रकाराचा अहवाल लिहिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीही झाली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी चिठ्ठी रबराखालून काढली आणि खिशात घातली. फाडली का नाही, मला माहीत नाही.

निकाल लागला तेव्हा सिंधूचा राखून ठेवलेला होता. चौकशी विद्यापीठात. फाईल घेऊन मलाच जावं लागलं. औरंगाबादच्या बसमध्ये सर, सिंधू, मावशी, मंगल, मंगलचे वडील आणि मी. चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती. मुलाखतीला चार दिवस उरले होते, आणि मला सारखं वाटत होतं की ती काढून समितीपुढं ठेवली तर हे सगळं पाच मिनिटांत मिटेल. मग वाटायचं, मग विचारतील, त्या दिवशी का नाही दाखवली? बायकोपोरांचा विचार केला, नोकरीचा केला. सिंधूचा विचार शेवटी केला, हे सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं.

तीन माणसांची समिती. सर सांगायला उभे राहिले आणि उभेच राहिले, हलले नाहीत. सिंधूनं हळूच विचारलं, सर, तुम्ही कामून थांबले? ते समितीला म्हणाले, "पोरीची काई चूक न्हाई. टिचक्या मी शिकवल्या. कळवायचं माझ्याकडून ऱ्हायलं. शिक्षा मला द्या, पण तिचा निकाल चार दिवसांत द्या साहेब, तिची मुलाखत हाय." समितीतल्या एका बाईंनी तिथल्याच एका पुस्तकातलं पानभर वाचून दाखवलं. सिंधूनं ते जसंच्या तसं सांगितलं, टक, टक-टक, मंगलनं लिहिलं. बाईंनी कागद पुस्तकाशेजारी धरला आणि बाकीच्या दोघांना दाखवला. तिघांनाही पटलं. पण पटणं वेगळं आणि निकाल हातात पडणं वेगळं. अहवाल वर जायला हवा, वरून आदेश यायला हवा. मला हे त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

गुणपत्रिका आली ती मुलाखतीनंतर अकराव्या दिवशी. जागा दुसऱ्या कुणाला गेली होती. त्याच टपालात सरांच्या नावानं ताकीद आली, विनापरवानगी पद्धत वापरल्याबद्दल. ती मी आवक केली, नंबर टाकला, आणि त्यांच्याकडं पाठवून दिली.

सिंधू भोकरदनला परत गेली. पुढची अडीच वर्षं मला कळत होतं ते एवढंच की सर शनिवारी दुपारी मैदान सोडून बसस्टँडवर असतात. बाकीचं नंतर कानावर आलं. तिच्या बापाच्या अंगणात जाऊन येरझाऱ्या घालायचे आणि एक वर्ष थांबा म्हणायचे. तिच्या बापानं काही वाकडं केलं नाही. तो म्हणायचा, सर, मी मेल्यावर हिचं कोण? सर म्हणायचे, बिलकुल बराबर हाय तुमचं, पण एकच वर्ष. ते झालं की आणखी एक. भोकरदनची माणसं त्यांना हसायची. लोक म्हणायचे, हा खेळाचा मास्तर पोरीच्या लग्नात कामून आडवा येतो? नको ते पण बोलायचे. सर ऐकून घ्यायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जायचे. ते स्थळ शेवटी कंटाळून दुसरीकडं गेलं. मग परभणीला जागा निघाली. सिंधूला ती मिळाली. सर पेढे घेऊन ऑफिसात आले, माझ्या टेबलावर ठेवले आणि निघून गेले. मी पेढा खाल्ला. 

त्यानंतर सरांनी मला चिठ्ठी म्हणून कधी दिली नाही. टाईप केलेला अर्ज, समास सोडलेला, मा. प्राचार्यांच्या नावानं, दोन प्रतींत. मी नंबर टाकेपर्यंत टेबलाशी उभे. आपल्या प्रतीवर माझी सही आणि शिक्का घ्यायचे, घडी घालून खिशात. एका शब्दानं बोलले नाहीत. मला वाटलं, चला, शिकला हा माणूस एकदाचा. खरंच तसं वाटलं मला.

आणि दर जूनला परभणीहून फोन यायचा. "भाऊसाहेब, नमस्कार. मी सिंधू बोलते. एक पोरगी पाठवून राह्यले, तिचा रायटरचा कागद तेवढा जल्दी काढा." घरच्यांची चौकशी करायची, माझ्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मुद्दाम फोन केला. तिनं सांगितलेला कागद मी त्याच दिवशी काढायचो. खरं सांगायचं तर सगळ्याच अपंग पोरांचे कागद मी त्याच दिवशी काढायचो, दुसऱ्या कुणाचे पडून राहिले तरी. कॉलेजात माझं नावही झालं त्याबद्दल. निरोप समारंभात प्राचार्यांनी उल्लेख केला. सर तेव्हा आधीच रिटायर झालेले होते, पण आले होते, आणि पाच मिनिटांत गेले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते जालन्याच्या बसस्टँडवर. मी पुतण्याला सोडायला गेलो होतो. पुतण्याची बस गेली आणि मागं वळलो तर सर. केस पार पिकलेले, पाठ जराशी वाकलेली, पण फलाटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या चाललेल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात कुणा पोराच्या सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स. सिव्हिल हॉस्पिटलात नेऊन आल्तो म्हणाले, वाटूरकडचंच पोरगं हाय, बारावीत शहाऐंशी टक्के. मी त्यांच्याबरोबर चालायला लागलो, कारण दुसरा इलाजच नव्हता. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला मी म्हणालो, "सर, सिंधूची ती चिठ्ठी माझ्याकडं होती. पहिल्यापासून."

"माहिती हाय," ते म्हणाले. चालायचे थांबलेसुद्धा नाहीत. "त्याच दिवशी कळलं. तिलाबी कळलं."

मी विचारलं, तिला कसं?

"मी तुम्हाला चिठ्ठी दिली तवा ती माझ्यामागं दारात हुती. तुम्ही बघितलं न्हाई."

फलाटाच्या टोकाला पोचलो, वळलो. मला श्वास लागला होता. मी म्हणालो, मग तुम्ही बोलला का नाहीत? समितीपुढं का नाही बोललात? तिची नोकरी गेली, सर. अडीच वर्षं गेली तिची.

"समितीपुढं मी बोलणार हुतो," सर म्हणाले. "तिनंच अडवलं. म्हणली, सर, भाऊसाहेबांना दुखवू नका. पुढच्या पोरांचे कागद त्यांच्याच हातातून जाणार हायेत." मग पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "बराबर हुतं तिचं. तुम्ही त्यानंतर एकबी कागद ठेवला न्हाई."

वाटूरची बस फलाटाला लागायला मागं येत होती. सर कंडक्टरच्या शिट्टीची वाट न पाहता दार धरून चढले. मी त्यांच्यामागोमाग फलाटाखाली उतरलेला, तिथंच बसच्या मागं उभा. सिंधूचा दर जूनचा तो नमस्कार मी पंधरा वर्षं मान म्हणून घेत आलो होतो. ती पोरगी मला सांभाळत होती, कुणी चावऱ्या कुत्र्याला सांभाळतं तशी, दुसऱ्याच्या लेकरांना चावू नये म्हणून. मला काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. कुणीतरी ओरडत होतं. वर पाहिलं तर खिडकीतून अर्धे बाहेर आलेले खांडेभराड सर, दोन्ही हात हलवत, भाऊसाहेब, बाजूला व्हा, बस मागं येऊन राह्यली.